शाडूचा गोळा आणि पस्तीस मिनिटांची तासिका

जून उजाडला की पेण तालुक्यात दोन ठिकाणी एकदमच लगबग सुरू होते. शाळांचे वर्ग झाडूनपुसून उघडतात आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळू लागतात. कारखान्यात नवखा मुलगा आला तर त्याला कोणी मूर्तिकलेवर चार शब्द ऐकवत बसत नाही. त्याच्यापुढे भिजवलेली शाडूची माती टाकतात आणि मळायला सांगतात. माती बोटांना चिकटायची थांबली, दाबल्यावर चिरत नाही, एवढे हाताला उमगले की तो साच्याकडे सरकतो. साच्यात माती सगळीकडे सारख्या जाडीने दाबावी लागते, नाहीतर वाळताना तडा जातो. मग सांधे लिंपणे, घासकाम, पांढरा रंग, पीतांबर, शेला, दागिने. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, आणि तीही ज्याचा हात कापत नाही त्याच्याच वाट्याला.

तोच मुलगा शाळेच्या बाकावर बसतो तेव्हा चित्र पालटते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत गुरुजी बोलतात, फळ्यावर उत्तर लिहितात, मुले ते वहीत उतरवून घेतात. कारखान्यात माती बिघडली तर ती पुन्हा भिजवून मळतात. वहीत उत्तर बिघडले तर त्याच्यावर लाल रेघ येते आणि वर्ग पुढच्या धड्याकडे जातो.

पुढची पाने पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतले वर्ग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. ज्ञानरचनावाद, कृतियुक्त अध्यापन, गटकार्य, प्रकल्प, स्तरानुसार वाचन, डिजिटल साधने हे शब्द शिक्षण परिषदेत आणि प्रशिक्षणाच्या मांडवात इतके कानांवर आदळले आहेत की केंद्रप्रमुखांनी ‘नवी पद्धत’ म्हणताच बऱ्याच बाई-गुरुजींच्या चेहऱ्यावर थकवा दिसतो. तो थकवा खोटा नाही. दर दोन-चार वर्षांनी नवे नाव, नवे तक्ते, नवी नोंदवही आणि भरायची नवी माहिती. म्हणून या प्रस्तावनेत पद्धतींची यादी दिलेली नाही. एक साधी कसोटी तेवढी हाताशी ठेवली आहे: तासिका चालू असताना मुलाचे हात काय करताहेत, तोंड काय बोलते आहे आणि ते कोणत्या प्रश्नाच्या मागे लागले आहे? पद्धतीचे नाव काहीही असो, ती या तीन प्रश्नांपाशीच तपासायची.

हाताने काम करत शिकावे की परीक्षेसाठी शिकावे, हा वाद या मातीला नवा नाही. रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात, चार महिन्यांच्या अंतराने, या जिल्ह्यात दोन मुले जन्मली. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडकडच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख. देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. पुढे परीक्षा म्हटली की पहिला क्रमांक हे त्यांच्याबाबत ठरूनच गेल्यासारखे झाले. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी, केंब्रिजला निसर्गविज्ञानाची पदवी आणि १९१८ मध्ये लंडनच्या आयसीएस परीक्षेतही पहिले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष.

गागोद्याच्या मुलाने १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून घर सोडले, पण मुंबईला न जाता तो काशीला गेला. आपली प्रमाणपत्रे त्याने त्याआधीच जाळून टाकली होती. पुढे शिक्षणाबद्दल बोलताना विनोबा योग, उद्योग आणि सहयोग हे तीन शब्द वापरत. परीक्षेने माणूस घडतो की अडतो या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरे कुलाबा जिल्ह्यातल्या एकाच पिढीने आपल्या आयुष्यातून दिली. आजचा पेणचा किंवा रोह्याचा पालक या दोघांच्या मधे कुठेतरी उभा असतो. मुलगी हसतखेळत शिकली तर त्याला हवेच असते, पण शिष्यवृत्ती परीक्षेत तिचे नाव आले नाही तर तो शाळेत येऊन विचारतो.

योगायोग एवढ्यावर संपत नाही. वर्गातल्या आजच्या पद्धतींवर ज्यांच्या विचारांचा सर्वांत मोठा ठसा आहे ते स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे ऑगस्ट १८९६ मध्ये जन्मले आणि रशियाचे लेव व्हिगॉट्स्की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मूल जग हाताळून स्वतःच्या डोक्यात त्याची रचना करते, हे पियाजेंनी मुलांचे बारीक निरीक्षण करून मांडले. मुलाला एकट्याला जे जमत नाही पण जाणत्याच्या मदतीने जमते, त्या पट्ट्यातच खरे शिकणे घडते, हे व्हिगॉट्स्कींनी सांगितले. मळणाऱ्या मुलाला साच्यापाशी नेणारा आणि साच्यावरच्या मुलाला रंगाकडे वळवणारा कारागीर त्या पट्ट्यातच काम करत असतो.

मग कारखाना हीच शाळा समजावी का? हा प्रयोग एकदा देशपातळीवर झाला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीमची योजना तयार झाली. एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि त्यातूनच भाषा, गणित, भूगोल उलगडत न्यायचे, अशी ती कल्पना. विनोबा तिचे मोठे भाष्यकार होते. सरकारी शाळांत मात्र तिचा मूलोद्योग झाला. टकळी, पेळू आणि सूत. किती सूत काढले याची नोंद राहिली, पण धागा का तुटला, ओलसर हवेत सूत वेगळे का वागते, गुंडीत किती तार बसतात, हे विचारायचे राहून गेले. हात चालत होते आणि प्रश्न बंद होता. आजोबांच्या पिढीला टकळीचा तास आठवतो तो बहुधा गमतीचा म्हणून, अभ्यासाचा म्हणून क्वचितच.

त्याच कल्पनेला पुढे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी नवे वळण दिले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान आश्रमात मुले वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, रोपे वाढवतात, रक्तगट तपासतात. गावाला खरोखर लागणारे काम हाती घ्यायचे, त्याचा हिशेब ठेवायचा आणि त्यामागचे विज्ञान त्याच वेळी शिकायचे, हा तिथला रिवाज. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही प्राथमिक शाळेत शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि शिक्षक गरज पडेल तेव्हा नांगराला हात घालणारा असावा, असा आग्रह होता.

पेणच्या कारखान्यांत मळली जाणारी शाडूची माती पेणची नाही. ती गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. मराठी बालशिक्षणाचा पहिला गोळाही तिथूनच आला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे काम करायला गेल्या आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीची महागडी साधने इथल्या खेड्यांत परवडणार नाहीत हे ओळखून ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया, पाने हाताशी घेतली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पाड्यातली मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. थोडी मोठी मुले गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळा गुरांमागे गेली आणि तिचे नाव पडले कुरणशाळा.

कुरणशाळेची आठवण पेण आणि रोह्याला दर दिवाळीनंतर व्हायला हवी. या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. भात झोडून झाले की यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हजेरीपटावर नाव राहते, बाकावर मूल नसते. वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. शासनाने पुढे हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड आणले. तरीही कित्येक महिन्यांनी वर्गात परतलेले मूल पान क्रमांक नव्वदवर नसतेच, ते कदाचित पान दहावर असते. सगळ्यांना एकाच पानावर ठेवणारी कोणतीही पद्धत, मग ती कितीही रंगीत असो, त्या मुलाच्या कामाची नाही.

इथे प्रथम संस्थेने मुंबईत सुरू केलेले आणि नंतर देशभर नेलेले काम उपयोगी पडते. दिवसाचा थोडा वेळ इयत्ता बाजूला ठेवायची आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनाच्या पातळीनुसार मुलांचे गट करायचे. मुंबई आणि बडोद्यातल्या अशाच उपक्रमांची काटेकोर तपासणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. या दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले. प्रथमच्याच ‘असर’ पाहणीने २०१८ मध्ये दाखवले होते की ग्रामीण भारतात पाचवीतली जवळजवळ निम्मी मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत नाहीत. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या वाडीवरच्या शाळेत अशी पातळीवार विभागणी ही हौस नसून सोय आहे. एक गट बाईंजवळ वाचतो, दुसरा चित्रकार्डांवरून गोष्ट जुळवतो, तिसरा आपसांत बेरजा तपासतो.

भाषेचाही प्रश्न याच ठिकाणी येतो. खाडीकाठच्या आगरी घरातले मूल ‘पानी’ म्हणते, ‘शाला’ म्हणते, ‘मला’च्या जागी ‘मना’ म्हणते. वहीत ते तसेच उतरते. कातकरी वाडीतल्या मुलाची बोली तर पुस्तकाच्या मराठीपासून आणखी दूर. ‘पानी’वर काट मारली की मूल गप्प होते, पुढच्या वेळी हात वर करत नाही. फळ्यावर ‘पानी’ आणि ‘पाणी’ शेजारी शेजारी लिहून घरचा शब्द कोणता आणि पुस्तकातला कोणता, असे मुलांनाच विचारले तर दोन भाषांची तुलना करणारा एक छोटासा भाषाशास्त्राचा तास होतो. मग मुले आपणहून ‘डोला-डोळा’, ‘कोनी-कोणी’ अशा जोड्या शोधू लागतात आणि नियम त्यांच्याच तोंडून येतो.

महाराष्ट्रात रचनावाद हा शब्द वर्गापर्यंत पोहोचला तो टप्प्याटप्प्याने. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्याला अधिकृत जागा दिली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांनी वर्गाची फरशी हीच पाटी केली. जमिनीवर आखलेल्या चौकटींत मुले बसून, सरकून, काड्या आणि बिया मांडून शिकू लागली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे निघाल्या.

गाड्या परतल्या तेव्हा पुष्कळ शाळांच्या फरश्या रंगल्या. काही ठिकाणी त्या चौकटींवर मुले खरोखर शिकली. काही ठिकाणी पाहुणे येण्याच्या दिवशी सतरंजी उचलली गेली आणि ते गेल्यावर पुन्हा अंथरली गेली. कुमठ्याच्या शिक्षकांनी रंग लावण्याआधी मुलांचे तासन्‌तास निरीक्षण केले होते. नक्कल करणाऱ्याला रंगाचा डबा दिसतो, निरीक्षण दिसत नाही.

डिजिटल साधनांची कथा जवळपास अशीच आहे, फक्त जास्त महाग. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. त्याच वर्षी, सगळे शिक्षण मोबाइलवर जाऊ पाहत असताना, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. शाळांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ज्या घरात एकच फोन होता आणि तो चार्ज करायची सोय नव्हती, त्या घरातल्या मुलाचा वर्ग भरला तो गावातल्या एखाद्या ओट्यावर, शिक्षक तिथे चालत पोहोचले तेव्हा. प्रोजेक्टर असू नये असे यातून कोणी काढू नये. रोह्यात कुंडलिका नदीच्या खोऱ्यात बसून ज्वालामुखी पाहायचा तर पडदा हवाच. कुंडलिका पाहायला मात्र पडद्याची गरज नाही.

एक धडा जवळून पाहू. धरमतरच्या खाडीकाठी पेण तालुक्यातली खारभूमीची गावे आहेत. बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे, ओहोटीला उघाडीतून आतले पाणी बाहेर सोडायचे, यावर तिथली भातशेती टिकते. त्यामुळे भरतीची वेळ घरातल्या प्रत्येकाला लागते. कोकणात ती काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. सातवीच्या वर्गात हा नियम एखाद्या मुलाच्या आजोबांकडून आणायचा. अपूर्णांकांचा गुणाकार तिथेच सुरू होतो. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात.

आता बाई विचारतात, पौर्णिमेला किती? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण अमावास्येच्या दिवशी बाराच्या सुमारास असलेली भरती पौर्णिमेलाही बाराच्याच सुमारास येते, हे सगळ्यांना माहीत असते. मग पाऊण तास गेला कुठे? वर्गात कुजबूज होते. कोणी आजोबांना चुकीचे ठरवते, कोणी त्यांची बाजू घेते. बारा तास पंधरा तिथींत वाटले तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे येतात, हे एखादा गट शोधून काढतो. म्हणजे खरा गुणक पाऊण नव्हे, चार पंचमांश. पण चार पंचमांश तोंडी कोण करणार? बांधावर उभ्या माणसाला पाऊणपट सोपी, आणि पहिल्या काही तिथींत फरक थोड्या मिनिटांचाच. जुना नियम खोटा नव्हता, सोयीसाठी घासून गुळगुळीत केलेला होता. नंतर आठवडाभर मुले खाडीच्या पाण्याची वेळ स्वतः टिपतात आणि खाडीत आत असलेल्या गावाला भरती किनाऱ्यापेक्षा उशिरा का पोहोचते, हा प्रश्न घेऊन येतात. गणित, भूगोल, चंद्राच्या कला आणि आजोबा, सगळे एकाच धड्यात. साधन म्हणाल तर एक पंचांग आणि एक घड्याळ.

या धड्यात कारखान्यात नसलेली एक गोष्ट आहे. साच्यावरच्या मुलाला तडा का गेला हे कळते, पण माती आकसते म्हणजे तिच्या आत काय होते, हे त्याला कोणी सांगत नाही आणि त्याला विचारायला सवडही नसते. गणेश चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. शाळेकडे ती सवड आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हापासून पेणमध्ये रोजगार आणि नदी यांचा वाद पेटला आहे. आठवी-नववीतल्या मुलांना त्या वादाच्या दोन्ही बाजू माहितीसह मांडायला लावणे कारखान्याला जमणार नाही. ते वर्गालाच जमेल, कारण त्या वर्गात मूर्तिकाराची मुलगी आणि मासेमाराचा मुलगा शेजारी शेजारी बसतात.

आक्षेप ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, वर्ग गोंगाटाने भरतो, बाईंना निवडणुकीचे आणि सर्वेक्षणाचे काम असते, शेजारची इंग्रजी शाळा घोकंपट्टी करूनही पालक ओढून नेते. पुढच्या प्रकरणांमध्ये यातला एकही टाळलेला नाही. प्रत्येक प्रकरणात एकच पद्धत घेतली आहे, ती किती मिनिटांत बसते, किती मुलांपर्यंत निभते आणि कुठे फसते हे मांडले आहे. फसण्याचा भाग जाणूनबुजून लांब ठेवला आहे.

पहिल्या प्रकरणाला सामान लागते ते असे: जवळच्या कारखान्यातून मागून आणलेला शाडूचा एक गोळा, मोजपट्टी आणि वर्गात सावलीची एक खिडकी. मुलांनी दहा सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या लाटायच्या, मागे नाव कोरायचे आणि खिडकीत ठेवायच्या. रोज मधल्या सुट्टीनंतर मोजायचे आणि वहीत आकडा टाकायचा. शेकडेवारीचा धडा पुस्तकात पुढे कुठेतरी असतो, पण पट्टी वाळायला आठवडा तरी लागतो, तेव्हा लाटायला आजच बसलेले बरे.